नाक्यावर अडलेली निरीक्षणे

अमेरिकेच्या कोलोराडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या बोल्डर या शहरी, १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात विद्यापीठांतील हवामानशास्त्राच्या विभागांसाठी ‘युनिडेटा’ नावाचा एक उपक्रम सुरू झाला. त्याचा कारभार अनेक विद्यापीठांनी मिळून स्थापिलेल्या ‘यूकार’ या मंडळाकडे होता, खर्च मुख्यत्वे तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या अनुदानातून भागे, आणि उद्देश असा होता की, सरकारी हवामान खात्याच्या दप्तरी जी निरीक्षणे अहोरात्र जमा होत असतात ती शिळी होण्यापूर्वी अध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हाती पडावीत. हवामानाच्या निरीक्षणाचे आयुष्य फार थोडे असते. दोन तासांपूर्वीचे रडारचित्र संशोधकाच्या संग्रहात मोलाचे ठरेल, पण अंगावर चालून येणाऱ्या वादळाचा माग काढणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. त्यामुळे निरीक्षणे मिळविणे आणि ती वेळेवर पोहोचविणे या दोन्ही कामांना या शास्त्रात सारखीच प्रतिष्ठा आहे, आणि पोहोचविण्याच्या त्या कामात वेळोवेळी जे अडथळे आले ते शोधून दूर करण्याची जी एक विद्या गेल्या तीसपस्तीस वर्षांत हळूहळू घडत गेली, तिचा इतिहास मला लिहून ठेवण्याजोगा वाटतो.

आरंभी ही माहिती उपग्रहामार्गे येई. विभागाच्या गच्चीवर तबकडी, खाली खोलीत ग्राहकयंत्र, आणि त्यातून अखंड वाहणारा एकतर्फी प्रवाह. यंत्र घटकाभर बंद पडले की तेवढा तुकडा कायमचा गेला, कारण परत मागण्याची सोयच नव्हती. या प्रवाहातले जिन्नस टिपून घेऊन विभागातल्या संगणकांना वाटून देण्यासाठी युनिडेटाने ‘लोकल डेटा मॅनेजर’, म्हणजे संक्षेपाने ‘एलडीएम’, ही प्रणाली तयार केली. पुढे विद्यापीठे इंटरनेटने जोडली जाऊ लागली तेव्हा ग्लेन डेव्हिस आणि रस रू यांनी १९९४ साली या प्रणालीच्या नव्या रूपाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्या सुमारास एका विद्यापीठाच्या सर्व्हरने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला माहिती द्यावी अशी वाटपाची साखळी सुरू झाली. तिच्यात मध्यवर्ती कोठार असे नव्हते. प्रत्येक सर्व्हर आपल्या वरच्याकडून घेई आणि खालच्यांना देई. प्रत्येक जण याचकही होता आणि दाताही. नवा जिन्नस येताच तो पुढे रवाना व्हायचा, कोणी येऊन विचारण्याची वाट पाहायची नाही, ही या योजनेची खरी थोरवी. पण तिचा एक परिणाम असाही होता की, मधला एक दुवा तुटला की त्याखालची सगळी विद्यापीठे एकदम कोरडी पडत, आणि दुवा नेमका कोठे तुटला हे शोधण्याची जबाबदारी बहुधा सर्वांत खालच्या, सर्वांत कमी अधिकाराच्या माणसावर येई.

ज्या इंटरनेटवर ही साखळी उभी राहिली त्याची मूळ वृत्ती परस्परविश्वासाची होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. यंत्रांनी एकमेकांना आपली अडचण सांगावी म्हणून १९८१ साली जॉन पोस्टेल यांच्या संपादकत्वाखाली ‘आयसीएमपी’ नावाचा एक स्वतंत्र संकेतच सिद्ध झाला होता: पुढे रस्ता नाही, ते दार बंद आहे, तुझ्या पाकिटाचे, म्हणजे माहितीच्या तुकड्याचे, आयुष्य संपले, असे निरोप परत धाडण्यासाठीच तो होता. याच संकेताच्या आधारे मेरीलँडमधील लष्करी प्रयोगशाळेतल्या माइक म्यूस यांनी १९८३च्या डिसेंबरात ‘पिंग’ हे साधन लिहिले. पाणबुडीचा ठाव घेणाऱ्या ध्वनीवरून त्याला ते नाव मिळाले. १९८७च्या सुमारास कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन यांनी ‘ट्रेसरूट’ रचले. प्रत्येक पाकिटावर किती टप्प्यांपर्यंत जगायचे याचा एक आकडा असतो आणि प्रत्येक राउटर, म्हणजे वाटेवरचे पाकीट पुढे धाडणारे यंत्र, तो एकाने घटवितो. तेव्हा आकडा मुद्दाम एक, मग दोन, मग तीन असा वाढवीत गेले, तर मार्गातला एकेक राउटर पाकीट संपल्याचा निरोप परत धाडताना आपला पत्ता आपणहून उघड करतो. तारेवरून जाणारी पाकिटे प्रत्यक्ष वाचून दाखविणारे ‘टीसीपीडम्प’ हेही त्याच प्रयोगशाळेचे अपत्य. ही तिन्ही साधने आजही रोजच्या वापरात आहेत. आणि त्यांपैकी पहिली दोन, समोरचा विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देईल, या एकाच गृहीतावर उभी आहेत.

त्या विश्वासाला तडा गेला तो २ नोव्हेंबर १९८८ रोजी. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस नामक विद्यार्थ्याने सोडलेला स्वयंप्रसारी प्रोग्रॅम एका रात्रीत इतका फैलावला की, तेव्हाच्या सुमारे ६०,००० यंत्रांपैकी अदमासे ६,००० ग्रासली गेल्याचा हिशेब पुढे मांडला गेला. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक वाट अशी होती की, ज्या यंत्रांनी परस्परांना परवलीच्या शब्दाविना आत येण्याची मुभा दिली होती, त्या मुभेचाच त्याने फायदा घेतला. पहाऱ्याची कल्पना त्यापूर्वीही काहींच्या मनात होती, पण ती लेखी उतरली ती या घटनेनंतर. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत जेफ मोगल यांनी पाकिटांची छाननी करणारी व्यवस्था १९८९ साली प्रसिद्ध केली, बेल लॅब्जमध्ये बिल चेस्विक यांनी १९९०मध्ये आपल्या संरक्षित दरवाजाचे वर्णन लिहिले, आणि तेथल्याच स्टीव्हन बेलोविन यांनी १९८९ साली इंटरनेटच्या मूळ संकेतांतले दोष एकेक करून दाखविले. हे बेलोविन म्हणजे १९७९ साली यूझनेट या वार्तावाटपाच्या जाळ्याच्या जन्मकाळी त्याचे पहिले प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ होत. ज्याने वाटपाची वाट घातली त्यानेच नाक्याचे शास्त्र रचावे, यात मला विसंगती दिसत नाही. वाटेची किंमत आणि वाटेचा धोका ही दोन्ही ज्याला कळतात असा माणूस विरळा. चेस्विक आणि बेलोविन यांचा ‘फायरवॉल’वरचा, म्हणजे वाहतूक अडविणाऱ्या संरक्षक भिंतीवरचा, ग्रंथ १९९४ साली निघाला, चेक पॉइंट कंपनीची फायरवॉल त्याच वर्षी बाजारात आली, आणि एकाच सार्वजनिक पत्त्याआड अनेक यंत्रे लपविणाऱ्या ‘नॅट’ या युक्तीचा लेखी आराखडाही त्याच वर्षीचा. वाटपाची साखळी आणि तिला अडविणारी भिंत अशा एकाच काळात वाढीला लागल्या.

पेशवाईत एका परगण्यातून दुसऱ्यात माल नेताना चौकीवर दस्तक दाखवावी लागे, आणि दस्तकेवर मालाचा तपशील, मालकाचे नाव व जाण्याचा रोख स्पष्ट लिहिलेला असावा लागे. फायरवॉलवरचा नियमही याहून फारसा निराळा नसतो. कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या पत्त्याकडे, कोणत्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या कोणत्या क्रमांकाच्या दारावर, कोणी प्रथम हाक मारायची, इतके त्यात लिहिलेले असते. एलडीएमची पहिली अडचण नेमकी येथेच होती. ही प्रणाली सन मायक्रोसिस्टिम्सने रचलेल्या ‘आरपीसी’ संकेतावर आधारलेली. त्या संकेतात सेवेची ओळख पोर्टच्या आकड्याने होत नसून प्रोग्रॅमच्या क्रमांकाने होते, आणि एलडीएमचा क्रमांक ३०००२९ हा होता. अमुक क्रमांकाची सेवा या क्षणी कोणत्या पोर्टवर बसली आहे, हे पोर्ट १११वरील ‘पोर्टमॅपर’ला विचारायचे, तो सांगेल तेथे जायचे. सेवा रोज निराळ्या दारी बसली तरी बिघडत नाही, असा यातला सोयीचा भाग. पण जे दार रोज बदलते त्याला परवाना कसा लिहून द्यायचा? शिवाय पोर्टमॅपरच्या वाटेने घुसखोरी होते असा अनुभव आल्यावर पहारेकऱ्यांनी १११ हे दार जागोजाग बंद केले, आणि विचारण्याचे ठिकाणच नाहीसे झाले.

यावर तोड म्हणून एलडीएमसाठी ३८८ हे पोर्ट कायमचे नोंदले गेले, आणि पुढे प्रणालीची रीत अशी ठरली की, आधी थेट ३८८वर जावे, तेथे दाद लागली नाही तरच पोर्टमॅपरला विचारावे. पण या तोडग्यातूनच एक नवे दुखणे निपजले. युनिक्सच्या दंडकानुसार १०२४च्या खालचे पोर्ट उघडण्याचा हक्क फक्त सर्वाधिकारी ‘रूट’ला असतो; म्हणून एलडीएम बसविताना मुख्य प्रोग्रॅमला तो विशेषाधिकार वेगळा बहाल करावा लागे. नवी आवृत्ती बसविणाऱ्याच्या हातून ती एक पायरी राहून गेली, तर सर्व्हर तक्रार न करता एखादे वरच्या आकड्याचे पोर्ट पकडी आणि पोर्टमॅपरकडे तशी नोंद करून टाकी. भिंतीच्या आत मग सर्व काही सुरळीत, कारण आतल्यांना पोर्टमॅपर खरा पत्ता सांगे. बाहेरच्यांना मात्र, ज्यांच्यासाठी केवळ ३८८ मोकळे होते, काहीच मिळेना. आतला म्हणे, माझे चालते. बाहेरचा म्हणे, माझे चालत नाही. आणि दोघांचेही खरे असे. या विद्येत पहिला धडा म्हणून जर काही शिकवायचे असेल तर तो हाच, की भिंतीच्या आतून केलेली चाचणी भिंतीबाहेरच्या माणसाच्या तक्रारीला उत्तर होऊ शकत नाही.

दुसरा धडा नकाराच्या प्रकारांचा, आणि त्यावर थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. जोडणी मागितल्यावर जर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे उत्तर तत्काळ आले, तर बहुधा तुमची हाक त्या यंत्रापर्यंत पोहोचली आहे. यंत्र जागे आहे, रस्ता मोकळा आहे, केवळ त्या दारी कोणी बसलेले नाही, आणि दोष एलडीएम सुरू न करणाऱ्याकडे जातो. पण मिनिटभर किंवा अधिक काळ काहीच न घडता शेवटी ‘टाइम्ड आउट’ अशी अक्षरे उमटली, तर तुमची हाक वाटेतच गिळली गेली आहे, किंवा परतीचे उत्तर गिळले गेले आहे, आणि दहात नऊ वेळा ते गिळणारी भिंत असते. कित्येक फायरवॉल मात्र स्वतःच यंत्राच्या नावाने नकार धाडतात आणि हा ठोकताळा फसवा ठरवितात. खरे पाहता पहारेकऱ्याने आपले अस्तित्व सांगावे अशी तरतूद होती: १९९५च्या जून महिन्यात राउटरांसाठी जी नियमावली निघाली तिच्यात, प्रशासनाच्या हुकमावरून ही वाहतूक मना आहे, असे सांगणारा आयसीएमपीचा एक स्वतंत्र निरोप आहे. तो जर सर्रास धाडला गेला असता तर या विद्येचा निम्मा भाग जन्मालाच आला नसता. परंतु चोराला भिंतीचा ठावठिकाणा कळू नये या विचाराने पहारेकऱ्यांनी मौन पसंत केले. त्या भीतीत तथ्य होते हे मी नाकारीत नाही. तरीही, ज्यांच्याशी वर्षानुवर्षे देवघेव चालू आहे अशा परिचित संस्थांच्या बाबतीतही तेच मौन पाळले गेले, ते मला अतिरेकी वाटते, कारण चोराचा त्यात थोडा वेळ जातो आणि प्रामाणिक माणसाचे दिवस जातात. या मौनापुढे पिंग निरुत्तर होते आणि ट्रेसरूटच्या यादीत पत्त्यांच्या जागी नुसत्या चांदण्या उमटू लागतात. आणि पिंगला उत्तर न देणारे यंत्र मृत आहे असे समजणे हीच पुढे या क्षेत्रातली सर्वांत मोठी चूक ठरू लागली. म्हणून एलडीएमच्या कर्त्यांनी आपली स्वतंत्र साधने दिली. ‘एलडीएमपिंग’ हे थेट सेवेच्याच दारावर टकटक करते, आणि ‘नोटिफायमी’ हे त्यापुढे जाऊन वरच्या सर्व्हरला विचारते की, तुझ्यापाशी आलेल्या जिन्नसांची नुसती यादी मला दाखविशील काय. पहिले यशस्वी आणि दुसरे अयशस्वी झाले तर रस्ता निर्वेध आहे, अडचण परवानगीची आहे, इतका निवाडा दोन आज्ञांत होतो.

परवानगीची ती अडचणही बहुधा भिंतीमुळेच उद्भवे. वरच्या सर्व्हरच्या ‘एलडीएमडी.कॉन्फ’ या फाइलीत ‘अलाव’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी असतात आणि त्यांत खालच्या सर्व्हरची नावे लिहिलेली असतात. हाक मात्र येते ती अंकी पत्त्यावरून, आणि सर्व्हर त्या पत्त्यावरून उलट नाव शोधतो. खालचे यंत्र नॅटच्या आड गेले की वरच्याला दिसतो तो भिंतीचा पत्ता. त्याचे नाव निराळे असते, किंवा कोणी नोंदविलेलेच नसते, आणि काल जो घरचा होता तो आज अनोळखी ठरतो. आपला पत्ता बदलला आहे हे खालच्याला ठाऊकच नसते, कारण त्याच्या यंत्रावर तर जुनाच पत्ता दिसत असतो. एका गोष्टीत मात्र एलडीएमची रचना भिंतीला अनुकूल निघाली: खालचा सर्व्हर वरच्याला हाक मारतो, आणि मग त्याच जोडणीवर भूमिका पालटून वरचा पाठवू लागतो. त्यामुळे नुसते घेणाऱ्याला आपल्या भिंतीत आतली वाट उघडावी लागत नाही, बाहेर जाण्याची मुभा पुरते. देणाऱ्याला मात्र ३८८ आत उघडे ठेवावेच लागते. साखळीत बहुतेक जण घेणारेही आणि देणारेही असल्यामुळे, माझ्याकडे येते पण माझ्याकडून जात नाही, ही तक्रार सर्वाधिक ऐकू येई.

काही दुखणी याहून गूढ होती. जोडणी होते, एलडीएमपिंग उत्तर देते, लहान लहान निरीक्षणे सुरेख येतात, पण मोठे उपग्रहचित्र सुरू झाले की प्रवाह गोठतो. ईथरनेटवरच्या पाकिटात १५०० ऑक्टेट मावतात. वाटेत कोठे त्याहून अरुंद वाट असेल तर तेथील राउटरने, पाकीट मोठे आहे, असा आयसीएमपी निरोप धाडावा आणि पाठविणाऱ्याने पाकीट लहान करावे, ही रीत १९९०च्या नोव्हेंबरात ठरली. तिच्या दोन लेखकांपैकी एक जेफ मोगल, म्हणजे तेच ज्यांनी आधीच्या वर्षी पाकिटांच्या छाननीची व्यवस्था प्रसिद्ध केली होती. पुढे पहारेकऱ्यांनी धोका टाळण्यासाठी आयसीएमपी सरसकट बंद केले आणि हा उपकारक निरोपही त्यात मेला. पाठविणारा तेच मोठे पाकीट पुनःपुन्हा धाडीत बसे. पाकिटे गिळणाऱ्या या ‘कृष्णविवरा’ची रीतसर नोंद २००० साली झाली, आणि निरोपावर अवलंबून न राहता योग्य आकार अजमावण्याची पद्धत २००७मध्ये आली.

दुसरे गूढ विस्मरणाचे. नव्या पद्धतीची फायरवॉल प्रत्येक चालू जोडणीची नोंद ठेवते, पण त्या जोडणीवर काही काळ काही गेले नाही तर नोंद पुसून टाकते. दोन्ही टोकांच्या सर्व्हरना वाटते की जोडणी जिवंत आहे, आणि मधला पहारेकरी त्यांना ओळखत नाही. शांत जोडणीची ख्यालीखुशाली विचारण्याची ‘टीसीपी’ या जोडणीच्या संकेताची मुदत १९८९च्या नियमांप्रमाणे किमान दोन तासांची; म्हणून २००८ साली नॅट बनविणाऱ्यांना सांगण्यात आले की, निदान दोन तास चार मिनिटे तरी नोंद पुसू नका. कित्येक यंत्रे याहून फार आधी विसरत. ज्या प्रवाहात क्वचितच काही येते तो प्रवाह म्हणूनच आधी मरे, आणि तो मेला आहे की नुसता शांत आहे हे बराच वेळ कोणाला कळत नसे. एलडीएमच्या कर्त्यांनी आपल्या प्रणालीतच अशी तजवीज केली की, ठरावीक मुदतीत काही आले नाही तर खालच्याने वरच्याची चौकशी करावी आणि जोडणी मृत निघाली तर नव्याने हाक मारावी.

घड्याळाचा दोष या सर्वांहून चकविणारा. एलडीएम जिन्नस किती जुना आहे हे पाहून घेते आणि फार जुना असेल तर टाकून देते. अर्थात दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळलेली हवीत. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली मांडलेला वेळ जुळविण्याचा संकेत पोर्ट १२३वरून चालतो. एखाद्या कडक पहारेकऱ्याने अनावश्यक म्हणून १२३ बंद केले की त्या दिवशी काहीही बिघडत नाही; घड्याळ सेकंदासेकंदाने सरकत जाते, आणि फरक मुदतीबाहेर गेला की मग ताजी निरीक्षणे शिळी समजून नाकारली जाऊ लागतात. तोवर नियम बदलणाऱ्याला आपण काय बदलले याची आठवण राहिलेली नसते. जोडणी उत्तम, परवानगी ठीक, पाकिटे येताहेत, आणि कोठी रिकामी.

अमेरिकेतली विद्यापीठे भिंत घालण्यात व्यापारी कंपन्यांच्या मागे होती, कारण मोकळीक हा त्यांचा धर्म होता; पण २००१चा ‘कोड रेड’ आणि २००३चे ‘स्लॅमर’ व ‘ब्लास्टर’ यांच्या उपद्रवानंतर तेथेही नाकेबंदी कडक झाली. तेव्हापासून एक नवी वस्तुस्थिती रूढ झाली: निरीक्षणांची जाण असणारा माणूस हवामानविभागात आणि भिंतीची किल्ली दुसऱ्याच कचेरीत. मला या विद्येचा सर्वांत मोलाचा भाग येथे दिसतो, कारण तिला पत्रलेखनाची जोड मिळाली. ‘तुमच्या फायरवॉलमुळे आमचे काम अडले आहे’ असे लिहिणाऱ्याला ‘आम्ही काही बदललेले नाही’ असे उत्तर येई, आणि दोन्ही वाक्ये तेथेच पडून राहत. उलट ज्याने दोन्ही टोकांचे पत्ते, पोर्ट ३८८, संकेत टीसीपी, प्रथम हाक कोणाची, आणि हे निरीक्षणांचे वाटप कोणासाठी आहे, इतके लिहून कळविले, त्याचे काम सहसा होई.

तरीही वाद उरलाच तर निर्णायक पुरावा टीसीपीडम्पचा. दोन्ही टोकांना एकाच वेळी ते चालवावे; इकडची पहिली हाक निघाली आणि तिकडे पोहोचलीच नाही, तर दोष मधल्या वाटेचा; पोहोचली, उत्तर निघाले आणि ते इकडे आले नाही, तर दोष परतीच्या वाटेचा; पोहोचली आणि उत्तरच निघाले नाही, तर त्या यंत्रावरच्या स्वतःच्या फायरवॉलचा. या अखेरच्या शक्यतेकडे अनुभवी माणसांचेही दुर्लक्ष होते, कारण लिनक्सच्या अनेक वितरणांत यंत्राबरोबरच एक अंगची भिंत चालू स्थितीत येते, आणि कचेरीतल्या पहारेकऱ्याला तिची खबर नसते. असा दुहेरी पुरावा गोळा करण्यासाठी दोन निरनिराळ्या संस्थांतल्या दोन माणसांना एका ठरल्या वेळी आपापल्या यंत्रापाशी बसावे लागते, आणि वेळ ठरविताना कोणत्या भागातली घटिका धरायची हेही लिहावे लागते. हवामानवाल्यांना ती सवय पूर्वीपासूनच आहे, कारण त्यांची सर्व निरीक्षणे जागतिक प्रमाणवेळेतच नोंदली जातात.